दुःख कोणाचे?

फिलिपिनो भाषेत गरीब माणसाला ‘दुखा’ म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातले ‘दुःख’ मलय मुलखातून समुद्र ओलांडून तिकडे पोहोचले. मलय भाषेत ‘दुका’ म्हणजे अजूनही शोकच. फिलिपिनोत मात्र मनाच्या खिन्नतेला ‘लुंगकोत’ हा वेगळा शब्द आहे आणि ‘दुखा’ म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो.

प्रथम वाटते, परक्या मुलखात एका थोर शब्दाचा अर्थ आक्रसला. आपल्याकडे दुःख सर्वांचे. राजपुत्रालाही ते चुकलेले नाही. पण या व्यापकपणात एक सोय दडलेली आहे. घरी काम करणारी बाई पगारातून उचल मागते, तेव्हा आपण सहज म्हणून जातो, “दुःख कोणाला नाही, बाई?” वाक्य खोटे नाही. पण त्या एका वाक्याने तिची रिकामी पिशवी आणि आपली उदास संध्याकाळ एकाच तराजूत बसतात, आणि उचल द्यायची राहून जाते.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. दुःख म्हणजे जन्ममरणाचा फेरा, हा अर्थ त्यांना मान्य नव्हता. बौद्ध साहित्यात अनेक ठिकाणी हा शब्द दारिद्र्य या अर्थाने आला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मनिलातला साधा माणूस न कळत तेच बोलत आला आहे.

तरी ‘दुखा’ हा शब्द पूर्ण निर्दोष नाही. तो स्थितीला नव्हे, माणसालाच चिकटतो. गरीब माणूस हसतो, भांडतो, लग्नात नाचतो. त्याला नुसते ‘दुःख’ म्हणणे हाही अन्यायच. अर्थात आपणही फार शहाणे नाही. ‘गरीब’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ ‘परका’. त्यांनी गरिबाला दुःख ठरवले, आपण त्याला परका ठरवून बसलो.

यांतला कोणता शब्द पत्करावा? १९८९ मध्ये फिलिपिन्सच्या लगुना भागात सापडलेला ताम्रपट मला इथे आठवतो. त्यावर शके ८२२, वैशाख अशी मिती आहे. त्या देशातला हा सर्वांत जुना ज्ञात दिनांकित लेख. त्यात ना राजाची स्तुती, ना देवाची; नामवरान नावाच्या माणसाचे सोन्याचे कर्ज फिटले, तो आणि त्याचे वंशज मोकळे झाले, एवढाच मजकूर.

जन्ममरणाच्या दुःखाला अशी पावती मिळत नाही. पण ज्या दुःखाचे नाव दारिद्र्य आहे, त्याला धनको असतो, रक्कम असते, आणि कोणी ठरवले तर माफीही असते. ‘दुखा’ हा शब्द आपल्याला एवढेच विचारतो: समोरच्याचे दुःख सोसण्याचे आहे, की कोणीतरी फेडण्याचे?