कशासाठी बसलो होतो?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६२ आणि ६३ या श्लोकांवर. हे दोन श्लोक म्हणजे खाली उतरत जाणारा एक जिनाच आहे. एखाद्या गोष्टीचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश. त्यानंतर सगळंच हातचं जातं.

आपण बहुतेक जण क्रोधाच्या पायरीवरच अडकतो. "मला ना, राग फार लवकर येतो," एवढं म्हणून मोकळे होतो. भगवंत मात्र तिथे थांबत नाहीत. पुढे काय होतं तेही ते सांगतात, आणि मला तरी त्यातली सगळ्यात भीतीदायक पायरी स्मृतिभ्रंशाची वाटते. स्मृती म्हणजे इथे पाठांतर नव्हे. आपण कोण, आणि कशासाठी निघालो होतो, याचं भान.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. भंडारा जिल्ह्यातला, साकोली नाहीतर लाखांदूरकडचा. पुण्यात नोकरी. वडिलांना लकवा मारला, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली. हप्त्यावर नवा लॅपटॉप घेतला, घरी वाय-फाय बसवलं. आणि लॅपटॉपचं वाय-फाय दर अर्ध्या तासाला जातं! त्याच घरात, त्याच वाय-फायवर मोबाईल मस्त चालतोय. लॅपटॉपवर मात्र कधी नेटवर्कच दिसत नाही, कधी 'कनेक्टेड' लिहिलेलं असतं आणि इंटरनेट नसतं. बंद करून चालू केला की चालतो. मीटिंग सुरू झाली की पुन्हा गेला. नवीन वस्तूचा राग जास्त येतो, बघा. जुनी असती तर आपण समजून घेतलं असतं.

आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीतून बाबा हाक मारतात. कूस बदलून हवी असते. हा ओरडतो, "थांबा ना जरा! दिसत नाही का काम चालू आहे?" आई दारात येऊन नुसती बघते. महिन्याभरात मनात विचार पक्का होतो: इथे काही खरं नाही, पुण्याला परत गेलेलं बरं.

हाच तो स्मृतिभ्रंश. मीटिंग तुटली ते नुकसान छोटं. ज्यांच्यासाठी आला, तेच कामातला अडथळा वाटायला लागले, हे नुकसान मोठं. जिन्याच्या पायऱ्या मोजून बघा, एकही चुकलेली नाही.

पैठणच्या नाथांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. नाथ गोदावरीवर स्नान करून निघाले की एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत नदीत उतरायचे. असं कितीतरी वेळा झालं म्हणतात. ही गोष्ट आपण सहनशीलतेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिच्यात स्मृतीही दिसते. नाथ त्या माणसासाठी नदीवर गेलेच नव्हते. स्नानासाठी गेले होते. कितव्यांदाही अडवलं तरी ते हे विसरले नाहीत. म्हणून भांडण झालंच नाही, स्नान तेवढं पुन्हापुन्हा झालं.

"म्हणजे वाय-फाय गेलं की जप करत बसायचं का?" असं विचाराल. नाही हो! नाथ परत नदीत उतरले, काठावर रडत बसले नाहीत. तुम्हीही उतरा. बरेच लॅपटॉप बॅटरी वाचवायला वाय-फायचं कार्डच झोपवतात, आणि मग ते नीट जागं होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती खूण काढून टाका. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती लक्षात ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं सिग्नल वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर मरतं. २.४ गिगाहर्ट्झचं हळू, तरी जास्त लांब पोचतं. एवढं करूनही जमलं नाही तर सरळ लॅनची वायर ओढा, नाहीतर वॉरंटीत दाखवा. शांत डोक्याने केलं तर हे तासाभराचं काम आहे. रागात मात्र आपण तेच बटण वीस वेळा दाबतो. बुद्धिनाश म्हणतात तो हाच असावा, इतका साधा!

त्या मुलाने वायर ओढलीच, तर ती बाबांच्या खोलीपर्यंत न्यावी असं मला वाटतं. टेबल त्यांच्या खाटेजवळ लावावं. मीटिंगच्या वेळी कानात हेडफोन असतोच. मधे नेट गेलं, तर ती पाच मिनिटं कूस बदलायला, पाणी पाजायला पुरतात.

आज दिवसभरात काही अडकलं, नेट असो, गाडी असो की रांग, तर एवढंच स्वतःला विचारून बघा: मी कशासाठी बसलो होतो?

उद्या ६४वा श्लोक घेऊ. त्याच विषयांत वावरूनही मन प्रसन्न कसं राहतं, ते भगवंत तिथे सांगतात.

राम कृष्ण हरी.