एक्सरे तर छान आहे

“एक्सरे तर छान आलाय, वहिनी. मग दुखतं कसं?” आमचे भावोजी हे इतक्या सहज विचारतात, की उत्तर देण्याआधी मलाच वाटू लागतं, आपण काही लबाडी तर करत नाही ना? त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. रोज सकाळी टेकडी चढतात. त्यामुळे शरीरातल्या कुठल्याही बदललेल्या भागाबद्दल शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत झाली आहे. माझा खुबा बदलून वर्ष उलटलं. झोप उडवणारी ती जुनी कळ गेली, हे मान्यच. पण रिक्षात चढायला पाय उचलला की जांघेत काहीतरी ओरबाडतं, आणि त्या कुशीवर झोपलं की मांडीची बाहेरची बाजू ठणकायला लागते.

खुबा कसा बदलतात हे आता घरोघरी ठाऊक असतं: वाटी, दांडी, गोळा, दुसऱ्या दिवशी वॉकर. जॉन चार्नली या इंग्रज सर्जननं लँकेशरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरून पाहिल्या. त्या झिजल्या. मग 1962 मध्ये त्यानं पॉलिथिलीनची वाटी बसवली, आणि आजचा खुबा तिथून सुरू होतो. ‘लॅन्सेट’नं 2007 साली या शस्त्रक्रियेला ‘शतकाची शस्त्रक्रिया’ म्हटलं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. शतकाच्या शस्त्रक्रियेनंतर जांघ दुखते म्हणणारी बाई मात्र आपोआप कृतघ्न ठरते.

मी एक भेद घट्ट धरून आहे: बदललेलं आणि उरलेलं. शस्त्रक्रियेत सांधा बदलतो. सांधा हलवणारे स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणारे टेंडन, म्हणजे कंडरा, जुनेच राहतात. दाराची बिजागरी नवी बसवली तरी दार ओढणारा हात तोच. आणि तो हात धडधाकट नसतो. शस्त्रक्रियेच्या आधीची कित्येक वर्षं माणूस लंगडत असतो. एका पायावर उभं राहिलं की कंबरेचा तोल राखायचं काम ज्या स्नायूंचं, ते कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू त्या काळात वाळत जातात. काहींचे टेंडन आधीच विरलेले असतात. चार्नलीला याची चांगली जाण होती. सांध्यापर्यंत पोचायला तो मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा स्नायूंसकट कापून बाजूला करायचा आणि शेवटी तारांनी पुन्हा जागेवर बांधायचा. आज कोणी मागून शिरतं, कोणी बाजूनं, कोणी पुढून. कुठूनही शिरलं तरी काहीतरी कापावं, फाकवावं किंवा ताणावं लागतंच.

जांघेतल्या कळेची गोष्ट वेगळी. कंबरेच्या मणक्यांपासून निघणारा एक दणकट स्नायू ओटीपोटातून खाली येतो, त्याचं टेंडन सांध्याच्या अगदी पुढून जातं आणि मांडीच्या हाडाला आतून चिकटतं. पाय उचलणं हे मुख्यतः त्याचं काम. नव्या वाटीची पुढची कड हाडाबाहेर थोडी जरी डोकावली, तरी पाय उचलताना ते टेंडन तिच्यावर घासू शकतं. समोरून काढलेल्या नेहमीच्या एक्सरेत ही कड बहुधा लक्षात येत नाही. बाजूनं काढलेला एक्सरे किंवा सीटी लागतो. टेंडन तर एक्सरेत दिसतच नाही. तेव्हा “एक्सरे छान आहे” याचा खरा अर्थ एवढाच: जे एक्सरेत दिसतं ते छान आहे.

इथपर्यंत मी भावोजींना सहज हरवते. त्यांचं म्हणणं असं: दुखण्याकडे लक्ष दिलं की ते वाढतं, सोसलं की जातं. यातल्या पहिल्या भागावर मी वाद घालत नाही. दुसरा भाग मात्र सरसकट सांगणं धोक्याचं आहे. बदललेला खुबा दुखत राहिला तर आधी जंतुसंसर्ग नाही ना, सांधा सैल झालेला नाही ना, हे पाहावंच लागतं. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या असतात. टेंडनवर संशय असेल तर सोनोग्राफीत पाहत त्याच्या भोवती भूल देणारं औषध टोचतात. तेवढ्यापुरती कळ थांबली तर चोर सापडला. मग व्यायाम, क्वचित स्टेरॉइडचं इंजेक्शन, त्यानं भागलं नाही तर टेंडन मोकळं करणं किंवा वाटीच बदलणं. हे सगळं न करता ‘सोसा’ म्हणणाऱ्याला सल्ला द्यायचा अधिकार नाही, मग तो कितीही टेकड्या चढो.

पण हे झाल्यावर काय? तपासण्या स्वच्छ, वाटी जागेवर, आणि तरी दुखतंय. इथे दुसरा पक्ष पुढे येतो, आराम सांगणारा. माझ्या ओळखीच्या निम्म्या बायका त्याच पक्षात आहेत आणि बराच काळ मीही होते. त्यावरून हाकन आल्फ्रेडसन आठवतो. हा स्वीडनमधल्या उमेओचा ऑर्थोपेडिक सर्जन, धावण्याचा नाद असलेला. टाचेवरचं टेंडन दुखून बेजार झाला, तेव्हा त्यानं आपल्या वरिष्ठांना शस्त्रक्रिया करायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. आता टेंडन तुटलंच तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा हिशेबानं हा गडी त्यावर मुद्दाम भार टाकत सुटला. ते तुटलं नाही, बरं झालं. 1998 मध्ये त्यानं 15 धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: टाच हळूहळू खाली सोडायची, दिवसाला 180 वेळा, 12 आठवडे, आणि दुखलं तरी थांबायचं नाही. पंधराही जण पुन्हा धावू लागले. धावपटूची टाच आणि माझा खुबा यांची तुलना कोणी करू नये. मीही करत नाही. पण सर्जननं स्वतःचं टेंडन तोडायला निघावं आणि त्यातून उपचार सापडावा, ही हकिगत मला इतकी आवडते की ती सांगायला मी निमित्त शोधत असते.

तिच्यातला कामाचा भाग असा: टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते सुधारतं संथपणे, महिन्यांच्या हिशेबानं, आणि काम दिलं तरच. पूर्ण विश्रांतीत ते आणखी दुबळं होतं. खुब्याच्या बाहेरच्या टेंडनवर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास 2018 मध्ये आला, 204 जणांवरचा. तोही शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर बेतलेला नव्हता, पण टेंडन तेच. आठ आठवड्यांनी, नीट समजावून व्यायाम दिलेल्यांपैकी सुमारे 77 टक्के सुधारले, इंजेक्शनवाल्यांपैकी 58 टक्के, आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी 29. समजावण्यात काय होतं? खुर्चीत पायावर पाय टाकून बसू नका, उभं राहताना एका खुब्यावर लोंबकळू नका, कारण त्या बाजूचं टेंडन हाडावर दाबलं जातं. ओट्याशी भाजी चिरताना मी नेमकी तशीच उभी असते. सगळ्या बायका असतात.

हा आकडा भावोजींच्या तोंडावर मारायचा मोह आवरला, कारण त्याच अभ्यासात पुढचाही आकडा आहे: वर्षभरानंतर नुसती वाट पाहणाऱ्यांपैकीही जवळजवळ निम्मे सुधारले होते. म्हणजे भावोजींना निम्मे गुण द्यावे लागतात. आणि आणखी एक गोष्ट माझ्याच बाजूवर उलटते. टेंडन दिसेल असा एमआरआय करा, असा माझा इतके दिवस हट्ट होता. पण खुबा बदललेल्या आणि काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही टेंडनचे बदल दिसतात. मग माझ्या एमआरआयमध्ये एखादी पुसट रेघ सापडली असती, तर तिनं काय सिद्ध झालं असतं? मला उपचारासाठी चित्र हवं होतं की भावोजींना दाखवायला?

म्हणून आता माझी मागणीच बदलली आहे. दुखणं शून्यावर यावं, हा आग्रह मी सोडला. व्यायामात थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा जास्त नसलं म्हणजे झालं; जास्त असेल तर आदल्या दिवशीचा भार चुकला, कमी करायचा. फिजिओची ही साधी मोजपट्टी आहे. ‘लक्ष देऊ नका’ याच्या बरोबर उलट: रोज लक्ष द्यायचं, पण दुखणं खरं आहे हे कोणाला पटवण्यासाठी नव्हे, उद्या किती करायचं ते ठरवण्यासाठी. भावोजी म्हणतात, “म्हणजे सोसायचंच की!” त्यांना तसं वाटत असेल तर वाटो.

माझी तक्रार आता एक्सरेवर नाही, हिशेबावर आहे. पॅकेजमध्ये सांधा असतो, खोली असते, भूल असते. बऱ्याच आरोग्य विम्यांत घरी गेल्यानंतरचा खर्च 60 किंवा 90 दिवसांपर्यंतच मिळतो, आणि टेंडन तर त्या सुमारास कुठे जोर धरायला लागलेलं असतं. त्यापुढे फिजिओची फी प्रत्येकाच्या खिशातून जाते, आणि ज्याचा खिसा हलका त्याला भावोजींचा सल्ला फुकट मिळतो.