पूर्वेचा वारा

मळणीयंत्रे आली नव्हती तेव्हा वाशीम, रिसोडच्या मुलुखात मळणी होऊन खळ्यावर रास पडली, तरी वारा सुटेपर्यंत उपणणी आरंभता येत नसे. सूप हाती घेऊन शेतकरी तिष्ठत राही. हिब्रू धर्मग्रंथांतील, मिसरच्या गुलामगिरीतून इस्राएल लोकांच्या मुक्तीची कथा म्हणूनच मला फार निकटची वाटते. मागे मिसरचा राजा फारो याचे रथ, पुढे समुद्र, आणि अशा घोर संकटात परमेश्वर क्षणार्धात पाणी दुभंगीत नाही, तर रात्रभर पूर्वेचा प्रबळ वारा वाहवून ते हटवतो. रात्रभर! गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या त्या भयभीत जनांनी ती रात्र कशी कंठली असेल? तत्पूर्वी मिसरावर टोळधाड आणणारा वाराही पूर्वेचाच, आणि तीच धाड समुद्रात लोटणारा पश्चिमेचा. वाऱ्याला स्वतःची मर्जी नाही, तो हुकमाचा ताबेदार आहे. वाऱ्याची अशी आठवण आपल्याकडेही जपली जाते: कोकणातील बेने इस्राएल हा ज्यू समाज, ज्याचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले अशी परंपरा आहे, तो वावटळीतून स्वर्गारोहण केलेल्या एलिया संदेष्ट्याचे स्मरण करून, खोबरे घातलेल्या गोड पोह्यांचा मलिदा आजही भक्तिभावाने अर्पण करतो.