आधी समोरचा खून बघ

ओसाका
मे महिन्याची अखेर

चि. ओंकार यास,


तुझं लांबलचक पत्र वाचलं. 'डिटेक्टिव्ह कोनान' या जपानी रहस्यमालिकेवरून तुमच्या रविवारच्या कंपूत वाजलं आणि आता निम्मे लोक यायचे बंद झालेत, एवढा बोध झाला. एक जण म्हणाला, सिनेमे धरायचेच नाहीत, मूळ कथेशी त्यांचा संबंध नाही. तू त्याला 'तुला काय कळतं' म्हणालास. आणि त्या नव्या मुलीने मालिकेतल्या एका पात्राबद्दल, 'आमुरो चांगला का वाईट?' असं भाबडेपणाने विचारलं, तर तिला सगळं सांगून मोकळा झालास. पहिल्या दोघांत कोण बरोबर यावर बोलता येईल. तिसऱ्या प्रकाराला माझ्याकडे माफी नाही. तिने विचारलं म्हणून सांगितलं, हा बचावही चालणार नाही. रहस्यकथा वाचणारा माणूस विचारणारच. आपण सांगायचं नसतं.

सल्ला मागितला आहेस तर देते. जपानी शिकायला लागल्यापासून तू या मालिकेकडे अभ्यासाला घेतल्यासारखा बघतोस. कोणता भाग 'कॅनन' म्हणजे मूळ कथेतला, कोणता 'फिलर' म्हणजे भरतीचा, याचा तक्ता करून भिंतीवर लावला आहेस म्हणे. तो आधी काढ.

सिनेमे धरायचे नाहीत म्हणणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक नसाव्यात. शिरातोरी हा इन्स्पेक्टर पहिल्यांदा दिसला तो १९९७ च्या पहिल्या चित्रपटात, मूळ चित्रकथेत तो नंतर आला. हवालदारासारखा मागे उभा राहणारा, साधाभोळा ताकागी तर टीव्हीवरच्या मालिकेतून चित्रकथेत शिरला, आणि त्याचं आडनाव त्याला आवाज देणाऱ्या नटाचं आहे. मूळ चित्रकथाकार आओयामा गोशो चित्रपटांवर स्वतः नजर ठेवतात, दरवेळी त्यातली काही दृश्यं स्वतःच्या हाताने रेखाटतात. ती कोणती हे डोळ्यांवरून आणि हनुवटीवरून ओळखायचा इथल्या चाहत्यांचा वेगळाच खेळ असतो. आणि २०२४ च्या हाकोदातेच्या चित्रपटाच्या अगदी शेवटी काइतो किड या चोराविषयी जे कळतं, ते कळल्यावर 'सिनेमे वेगळे' असं कोणी म्हणेल असं वाटत नाही. काय कळतं ते लिहीत नाही. तू हे पत्र कंपूत वाचून दाखवणार, मला माहीत आहे.

पण हा दारूगोळा पुढच्या रविवारी वापरायला दिलेला नाही. मूळ कथा कुठे संपते आणि सिनेमा कुठे सुरू होतो, हा वादच मला पोकळ वाटतो. १९९४ साली 'शोनेन संडे'त ही गोष्ट सुरू झाली. कॉलेजच्या उंबरठ्यावरचा हुशार कुदो शिनइची, काळ्या कपड्यांतली माणसं, ती गोळी, आणि त्याचा झाला पहिलीतला पोरगा, म्हणजेच कोनान. बाप रे केवढं रहस्य, असं वाटून आपण आत शिरतो आणि मग शंभर खंड होतात (शंभरावा २०२१ मध्ये आला), तरी शिनइची पहिलीतच. १९९६ च्या भागांत लोक सार्वजनिक फोनच्या डब्यात शिरून नाणी टाकतात, आताच्या भागांत सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन, आणि वर्ग तोच. फास्टर फेणे वाचताना तू कधी बन्याचं वय मोजलं होतंस का?

या शंभर खंडांत काळ्या संघटनेची पानं किती? थोडी. बाकी सगळे सुटे खून आहेत. आतून कडी लावलेली खोली, बर्फात न उमटलेली पावलं, आगगाडीच्या वेळापत्रकावर बेतलेली साक्ष, आणि मासेमारीच्या दोऱ्याने काय काय करता येतं याचा तर ज्ञानकोशच होईल. इथेही लोक त्या दोऱ्यावरून टिंगल करतात. हे सुटे खून 'वेळकाढू' म्हणून जो ओलांडून जातो, तो ऊस टाकून चिपाड चघळतो आहे. संघटनेच्या सरदाराचं नाव, ते जुने हिशोब, हे सगळं चालूच राहणार. आपण आधी समोरचा खून बघावा. तुमच्या कंपूने एवढं जरी पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

म्हणजे नेमकं काय बघायचं? पहिलाच चित्रपट घे. शेवटी शिनइचीची मैत्रीण रान एका कोसळत्या इमारतीत अडकली आहे, दार वाकून बसलं आहे, आणि दाराच्या अलीकडून कोनान शिनइचीच्या आवाजात तिला बाँबची वायर कापायला सांगतो आहे. दोन वायरी उरतात, एक लाल आणि एक निळी. कोणती कापायची हे त्यालाही माहीत नाही. रान काय करते ते सांगत नाही. पण तू मागे जाऊन बघ, की 'लाल' हा रंग चित्रपटात पहिल्यांदा कधी आला. कोण बोललं, कोणत्या सुरात, त्या वेळी तिथे आणखी कोण ऐकत होतं. पहिल्या वेळी ते सगळं आपण प्रेमातली बडबड म्हणून सोडून दिलेलं असतं. पुरावा उजेडात, सगळ्यांच्या देखत ठेवायचा आणि बघणाऱ्याचं लक्ष भलतीकडे वळवायचं, याला कसब म्हणतात. तासभर बोला याच्यावर. लाल रंग तिथे ठेवला नसता तर शेवट फसवणूक वाटला असता का? खुन्यालाही तो रंग माहीत असणं गरजेचं होतं का? असं बोलायला लागलात की 'कॅनन' हा शब्द कोणाला आठवणारही नाही.

किंवा २००२ चा, बेकर स्ट्रीटचा. त्याची पटकथा नोझावा हिसाशी यांची. त्यांना त्याआधीच एदोगावा राम्पो पुरस्कार मिळाला होता, म्हणजे कोनानने ज्याचं नाव आडनाव म्हणून उचललं त्याच लेखकाच्या नावाचा. यात खून कोणी केला हे चित्रपट स्वतःच आपल्याला आरंभी दाखवून टाकतो. मग उरतं काय? पन्नास मुलं एका यंत्रातून खेळात शिरतात, त्यातली कोनानच्या सोबतची १८८८ च्या लंडनमध्ये जातात, तिथे जॅक द रिपर मोकाट आहे, आणि एकही मूल शेवटपर्यंत टिकलं नाही तर सगळीच दगावणार. ती मुलं कोणाची आहेत तेही बघ, मंत्र्यांची, पोलीस अधिकाऱ्यांची, पैसेवाल्यांची. बापाची गादी पोराला मिळावी का, हा प्रश्न मुलांच्या सिनेमात इतक्या सरळ विचारलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. अशा चित्रपटाला 'मूळ कथेत नाही' म्हणून बाद करणाऱ्याला काय म्हणावं!

आता नव्या सिनेमांविषयी. तुझा मित्र म्हणतो त्यात तथ्य आहे. स्फोट वाढले, कोडी पातळ झाली. कोनानच्या स्केटबोर्डपुढे भौतिकशास्त्राने केव्हाच हात टेकलेत, आणि २०१६ च्या चित्रपटात आकाइ आणि आमुरो ही दोन पात्रं आकाशपाळण्याच्या माथ्यावर मारामारी करतात ती का, हे त्या दोघांना तरी ठाऊक असेल का कोण जाणे. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? पण कोडं म्हणून तो चित्रपट पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात. तुमच्याकडे कोणी ती सोय ठेवलेली दिसत नाही. एक तर उत्तम, नाही तर बकवास.

आणि आमुरोच्या चाहत्या मुलींना हसू नका. २०१८ साली इथे त्यांनी आमुरोला 'हजार कोटी येनचा माणूस' करायचा चंगच बांधला. त्या वर्षीच्या त्याच्या एकाच चित्रपटाला पुन्हा पुन्हा जाऊन बसायच्या. त्या वर्षी गल्ला नऊशे कोटींच्या पुढे गेला, हजाराला काही पोचला नाही. तो उंबरठा मालिकेने २०२३ मध्ये, पाणबुडीच्या चित्रपटाने ओलांडला. 'या पोरी चेहरा बघायला येतात, रहस्याशी त्यांना काय' असं इथले जुने बुवा म्हणायचे. पण एकच चित्रपट पाच-पाच वेळा बघणारीला मागच्या टेबलावरचा कप कोणत्या दृश्यात हलला तेही माहीत असतं. तुमच्याकडे अशी कोणी असेल तर तिला आधी बोलू द्या.

नव्या माणसाशी कसं वागायचं, ते इथल्या थिएटरात शिकण्यासारखं आहे. प्रत्येक चित्रपटाच्या आरंभी कोनान स्वतःची सगळी कर्मकहाणी पुन्हा सांगतो. गोळी, घड्याळ, आवाज बदलणारा बो-टाय, रान, प्रोफेसर आगासा. आम्हा जुन्यांना ते पाठ असतं, तरी दरवर्षी सांगतात, कारण त्या वर्षीही कोणी तरी पहिल्यांदाच आलेलं असतं. बनवणारे दार उघडं ठेवतात आणि तुम्ही आतून कडी लावता! एप्रिलमध्ये इथल्या उमेदाच्या थिएटरात गेले होते. शेवटी नावं सरकत असताना पडद्यावर खऱ्या जागांचं चित्रण दाखवतात. गेल्या वर्षीच्या, नागानोच्या चित्रपटात नोबेयामाची वेधशाळा होती, ती डोळ्यांनी ओळखता येते. मग पुढच्या वर्षीच्या चित्रपटाची एक झलक, बहुतेक नुसता आवाज. तोवर कोणी उठत नाही. दिवे लागले की खालच्या मजल्यावर जाईपर्यंत लोक हवेबद्दल बोलतात, जेवायला कुठे जायचं ते बोलतात. चित्रपटाबद्दल अवाक्षर नाही, कारण सरकत्या जिन्याच्या शेजारी पुढच्या खेळाची रांग उभी असते.

नाव सांगितलं तरच रहस्य फुटतं असं नाही, हेही ध्यानात ठेव. 'या बाईकडे नीट बघ हं' हे सांगणं, नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बसणं, योग्य जागी खाकरणं, सगळं त्यातच आलं. तुला खाकरायची सवय आहे. तुझ्या बाबालाही होती.

त्यापेक्षा असं करा. रानचे बाबा, गुप्तहेर मोरी कोगोरो यांच्या मानेत कोनानच्या घड्याळातली गुंगीची सुई बसते, ते गिरक्या घेत भिंतीला टेकतात, तिथे, उलगड्याआधी थांबवा. त्या क्षणापर्यंत कोनानला जे दिसलं ते आपल्यालाही दिसलेलं असतं, असा या मालिकेचा शिरस्ता आहे. सगळ्यांनी चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि खाली एकच ओळ, कशावरून. नुसतं नाव बरोबर आलं तर गुण नाही. चहा करा, चिठ्ठ्या वाचा, मग पुढे बघा. ज्यांनी आधी पाहिलं आहे त्यांनी चहा करायचा.

आणखी एक. या चित्रकथेच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी आओयामा एकेका गुप्तहेराची ओळख करून देतात, चित्रासकट. पहिल्या खंडात अर्थात होम्स. जगभरचे, पुस्तकांतले, पडद्यावरचे, सगळे त्यात आहेत. वाचणारी पोरं तिथून निघून दुसऱ्या पुस्तकांकडे जावीत, ही त्यामागची दृष्टी मला फार भावते. तुम्ही असं एक पान मराठीत का करत नाही? अर्नाळकरांचा धनंजय आहे, भा. रा. भागवतांचा फेणे आहे. आजोबांच्या माळ्यावर अर्नाळकरांची पुस्तकं होती, वाळवीने सोडली असतील तर उतरव.

त्या मुलीची माफी मागायला जाशील तेव्हा खुलासे करत बसू नकोस. सरळ पुढच्या रविवारी बोलाव आणि १९९६ चा 'मूनलाइट सोनाटा'चा भाग लाव. बेट आहे, पियानो आहे, स्वरलिपीत दडवलेला निरोप आहे, आणि आमुरोचा त्यात पत्ताच नाही. तू शंभरदा पाहिला असशील, म्हणून चहा तू कर. आलं घालून.

वहिनीला नमस्कार सांग. हिरवा चहा आणि तुझी पुस्तकं दिवाळीत आणते.

तुझी,
आत्या