तेच तेच पुन्हा मिळालं, तर वाढतं कोण?

॥ श्री सद्गुरुचरणी वंदन ॥



या वेळचा विषय मोबाइलवरच्या खेळांचा आहे. "मुलांनी मोबाइल खेळू नये" हे सगळ्यांनाच माहीत आहे आणि त्याचा उपयोग किती होतो तेही माहीत आहे. म्हणून ते सांगत नाही. आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्यात एका चौदा वर्षांच्या मुलाने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे बरेच दिवस विचार केला, तो आज आपल्यासमोर ठेवतो आहोत. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहितो आहोत.

आमच्या धाकट्या जाऊबाई घरी साड्यांना फॉल-पिको करून देतात. दिवाळीपासून एकेक साडी करून त्यांनी काही पैसे बाजूला ठेवले होते, ते बँकेच्या खात्यात होते आणि खातं फोनला जोडलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी भाजीवाल्याला पैसे द्यायला गेल्या, तर पैसे जाईनात. पाहिलं तर सात हजार चारशे रुपये गेलेले! एकदम नाही, छोट्या छोट्या रकमांनी, दोन आठवड्यांत. आधी वाटलं कुणी फसवलं. संध्याकाळी पुतण्या स्वतःच येऊन रडायला लागला. त्याला पिन पाठ होता.

आम्ही विचारलं, "अरे, एवढ्या पैशात मिळालं तरी काय?"

तो म्हणाला, "मोठी आई, मला जी कॅरेक्टर हवी होती ती मिळाली. तीनदा मिळाली. पण तीच अजून मिळायला पाहिजे, तेव्हा ती पूर्ण होते."

मिळालेली वस्तू पुन्हा कशाला हवी? आम्हाला काही कळेना. तेव्हा त्याने समजावलं आणि शेवटी जरा चिडूनच म्हणाला, "तुम्ही पण माळेवर रोज तेच तेच नाव घेता ना? मग माझं काय वेगळं?"

जाऊबाई त्याच्यावर हात उगारणार होत्या, आम्ही थांबवलं. प्रश्न उद्धटपणे विचारला होता, पण प्रश्न खोटा नव्हता.

*आधी हा खेळ समजून घेऊ.* घरातल्या मोठ्यांना हे कळत नाही म्हणून मुलं आपल्याशी बोलत नाहीत. जपानमध्ये दुकानाबाहेर एक यंत्र असतं. नाणं टाकून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या डबीत एक खेळणं पडतं. कोणतं पडेल ते आपल्या हातात नाही. मूठ फिरवण्याच्या आवाजावरून त्याला 'गाचा' म्हणतात. मोबाइलवरचे 'गाचा' खेळ याच तत्त्वावर चालतात. पैसे किंवा खेळातले मणी देऊन सोडत काढायची, कधी साधं पात्र येतं, कधी दुर्मीळ.

आता यात एक अडचण येते. आपल्याजवळ असलेलंच पात्र पुन्हा आलं तर? आमच्या लहानपणी मुलं काडेपेटीवरचे छाप जमवायची, पुढे बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांची चित्रं आली. तेच चित्र दुसऱ्यांदा निघालं की तोंड उतरायचं. मग शेजारच्या मुलाशी अदलाबदल व्हायची, त्या निमित्ताने मैत्री व्हायची, भांडणही व्हायचं. या खेळात सहसा अदलाबदल नाही. त्याऐवजी खेळ बनवणाऱ्यांनी डुप्लिकेटलाच कामाला लावलं आहे. तेच पात्र पुन्हा आलं की पहिल्या पात्राची ताकद वाढते, तेच हत्यार पुन्हा आलं की हत्याराला धार येते. म्हणजे नको असलेली वस्तूच हवीशी करून टाकली!

२०२० साली आलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा जगभर खेळला जाणारा खेळ उदाहरणाला घेऊ. (आमच्या घरातला खेळ हा नव्हता.) त्यात प्रत्येक पात्राच्या नावाने सहा ताऱ्यांचं एक नक्षत्र असतं. पात्र पहिल्यांदा मिळालं की ते वापरता येतं, पण तारे विझलेले असतात. तेच पात्र पुन्हा आलं की एक तारा उजळतो. म्हणजे सगळं नक्षत्र उजळायला तेच पात्र एकूण सात वेळा यावं लागतं. हत्याराच्या पाच प्रती लागतात. आणि हे दुर्मीळ पात्र एका सोडतीत निघण्याची शक्यता आहे ०.६ टक्के, हजारात सहा.

आम्ही पुतण्याला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाच हिशोब मांडायला बसवलं. नव्वद सोडतींच्या आत एक दुर्मीळ पात्र नक्की मिळतं, पण ते आपल्याला हवं तेच असेल याची शक्यता साधारण अर्धी. दुसरंच निघालं तर पुढचं मात्र नक्की हवं ते. म्हणजे वाईटात वाईट १८० सोडती. असं सात वेळा, म्हणजे १,२६० सोडती. एका सोडतीला १६० मणी, म्हणजे एकूण २,०१,६०० मणी. इतकं वाईट नशीब क्वचितच कुणाचं असतं आणि खेळून काही मणी फुकटही मिळतात. पैसा न घालता, त्यातल्या गोष्टीसाठी, संगीतासाठी खेळणारी मुलंही पुष्कळ आहेत, हेही सांगायला हवं. पण आकडा लिहून झाल्यावर पुतण्या बराच वेळ त्याकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, "खेळताना एवढं वाटत नाही. वाटतं, फक्त अजून एकदा."

या 'अजून एकदा'शी आपली ओळख जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचंच आहे. बेहड्याच्या फळांचे फासे टाकणारा तो माणूस, घरचे दुरावलेले, आणि तरी फाशांचा आवाज आला की त्याचे पाय तिकडे वळतात. शेवटी त्याला सांगितलंय की फासे सोड आणि आपली शेती कर. महाभारतात तर द्यूत दोनदा झालं. पहिल्या वेळी धर्मराज सगळं हरले, पण द्रौपदीमुळे सगळं परत मिळालं. घरी निघालेले पांडव वाटेतून परत बोलावले गेले आणि धर्मराज पुन्हा खेळायला बसले! शकुनीचे फासे एकदा बघून झाले होते, तरीही. त्या दुसऱ्या डावाने बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास दिला. धर्मराजांची ही गत, तर नववीतल्या मुलाचं काय सांगावं? म्हणून त्याला 'चोर' म्हणायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी घरात ठरवलं.

जगात काही ठिकाणी सरकारांनीही यात लक्ष घातलं. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस, अशा प्रकाराला जपानमध्ये २०१२ साली बेकायदा ठरवलं. आपल्याकडे २०२५ साली ऑनलाइन खेळांचा कायदा झाला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. इथे जिंकायला पैसा नसतोच, असतो तो एक तारा. म्हणून घरातलं घरातच बघावं लागणार.

*आता मूळ प्रश्न.* माळ आणि सोडत, दोन्हीकडे तेच तेच पुन्हा येतं. मग फरक काय?

आम्ही आधी पटकन म्हणालो, "अरे, ते देवाचं नाव आहे!" पण हे उत्तर अपुरं आहे. देवाच्या नावाने केलं म्हणून सगळंच आपोआप चांगलं होत नाही.

मग पैशांची भरपाई म्हणून एक ठरलं. पुतण्याने सुट्टीभर आईला कामात हात लावायचा. पहिल्या साडीचा फॉल त्याने लावला तो सगळा चुणला, उसवावा लागला. दुसराही तसाच. पाचवा-सहावा जरा बरा. पंधराव्या साडीला जाऊबाईंनी नुसता हात फिरवून पाहिला आणि साडी घडी करून ठेवली, काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी आमच्या लक्षात आलं. फॉल तोच, टाका तोच, काम तेच तेच. पण पंधराव्या वेळी बदललं होतं ते त्याच्या बोटांमध्ये. खेळात तेच पात्र सात वेळा आलं, तर वाढतं ते पात्र. खेळणारा पहिल्या वेळी होता तिथेच असतो, फक्त खिसा हलका होतो. आणि उद्या खेळ बंद पडला तर ते सहाही तारे त्याच्याबरोबर जातात. शिकलेला टाका कुठे जात नाही.

दुसरी गोष्ट नशिबाची. पंधरावी साडी चांगली होईल की नाही हे सोडतीवर नव्हतं. बसलं की काम पुढे सरकत होतं. आपल्या लालबागचा कुंडी भंडारा बघा. १६१५ च्या सुमारास, रहीम खान-ए-खानाच्या काळात झालेलं काम. सातपुड्याकडून जमिनीखाली झिरपणारं पाणी गावात आणायला एकासारखी एक शंभरावर कुंड्या खणल्या. एका कुंडीसारखीच दुसरी, दुसरीसारखीच तिसरी. खणणाऱ्यांनाही कंटाळा आलाच असेल. पण प्रत्येक कुंडीने पाणी गावाच्या थोडं जवळ आलं. तीही डुप्लिकेटच, पण एकही वाया गेली नाही.

तिसरी गोष्ट, 'पुरे' कधी म्हणता येतं? खेळात नक्षत्र पूर्ण झालं की लगेच नवीन पात्र येतं, त्याचे तारे पुन्हा विझलेले. काही घेतलं की थोडं तरी समाधान व्हायला पाहिजे. घेतल्यावर भूकच वाढत असेल तर ते अन्न नव्हे.

इथे आम्हाला स्वतःविषयीही सांगायला हवं, नाहीतर पुतण्याशी अन्याय होईल. मागच्या जपसंकल्पात प्रत्येक घराने रोजचा आकडा ग्रुपवर टाकायचा होता. आम्ही खोटा आकडा कधी टाकला नाही. पण दुसऱ्या घराचा मोठा आकडा बघून माळ भरभर ओढली, हे खरं आहे. ओठ हलत होते आणि डोळा फोनवर. त्या दिवशी आमच्या माळेत आणि पुतण्याच्या सोडतीत काय फरक होता? आकडा वाढला, आम्ही होतो तिथेच. कपाटात एकाच रंगाच्या चार साड्या आहेत, फळीवर स्टीलचे डबे एकसारखे, त्यांचं निराळंच.

तेव्हा त्याला उत्तर दिलं ते असं: "बेटा, तेच तेच घेण्यात दोष नाही. मोठी आई जेव्हा आकड्यासाठी माळ ओढते, तेव्हा तुझ्यात आणि माझ्यात काही फरक नाही. जेव्हा माळ झाल्यावर माझा राग जरा कमी होतो, तेव्हा फरक आहे. माझा राग कमी झाला का, ते तूच सांग."

तो हसला. म्हणाला, "थोडा."

पुतण्याने खेळ सोडला का? नाही. पैसे न घालता अर्धा-पाऊण तास खेळतो. जाऊबाईंनी पिन बदलला आहे, आणि रोज रात्री दोघं मिळून खात्याचा हिशोब बघतात. सात हजार चारशेपैकी अजून बरेच बाकी आहेत. एकदा मध्येच म्हणाला, "नवीन पात्र आलंय, फार मस्त आहे." आम्ही "दाखव" म्हणालो. दाखवलं आणि फोन ठेवून दिला. उद्या काय होईल सांगता येत नाही, पण तो आता आमच्यापासून लपवत नाही.

*या आठवड्यात घरोघरी एवढं करून बघूया.* जेवताना मुलांना त्यांचा खेळ समजावून सांगायला लावूया, मध्ये न बोलता. सोडतीचा हिशोब त्यांच्याच हाताने कागदावर मांडूया. फोनवरचे पैशांचे कुलूप मोठ्यांनी आपल्याकडे ठेवूया. आणि आपण स्वतः रोज जे तेच तेच करतो, पोळ्या, पूजा, जप, सेवा, त्यातल्या एका गोष्टीविषयी रात्री झोपताना विचारूया की आज यात आकडा वाढला की मी?

पुढच्या बैठकीला मुलांना नक्की घेऊन या. चुकीचं काही लिहिलं असेल तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

श्री सद्गुरुचरणी अर्पण.

— एक सेवेकरी भगिनी, बुऱ्हाणपूर