अनिर्णिताची नीती : लॉर्खानच्या हृदयाविषयीचे दोन प्रश्न

संहितेतील अनिर्णितता हा आधुनिक साहित्यमीमांसेने दोष न मानता गुण मानला. रोमान इंगार्डेन यांनी १९३१ साली साहित्यकृतीतील अनिश्चिततेच्या जागांकडे लक्ष वेधले. वोल्फगांग इझर यांनी १९७६ साली वाचनप्रक्रियेची मांडणी करताना संहितेतील रिकाम्या जागांना मध्यवर्ती स्थान दिले. या मांडणीत एक प्रश्न मात्र मागे राहतो. सर्व रिकाम्या जागा सारख्याच असतात काय? जे कोणालाच ठाऊक नाही आणि जे ठाऊक असूनही सांगितले जात नाही, त्या दोहोंना ‘अनिर्णित’ या एकाच नावाखाली आणणे नैतिक दृष्ट्या कितपत समर्थनीय आहे? ‘मॉरोविंड’ (२००२) या संगणकीय खेळाच्या संहितेत हा प्रश्न विलक्षण स्पष्टपणे उभा राहतो.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील हा तिसरा खेळ. त्याच्या पुराणकथेनुसार मर्त्य जगाच्या निर्मितीस लॉर्खान हा देव कारणीभूत झाला. एल्फवंशीयांच्या लेखी तो कपटी, तर मानवांच्या लेखी उपकारकर्ता. इतर देवांनी शासन म्हणून त्याचे हृदय उपटून काढले. परंतु ते नष्ट करणे त्यांना साधले नाही. हे हृदय पुढे तांबड्या पर्वताखाली ड्वेमर लोकांना सापडले, आणि कॅग्रेनॅक या त्यांच्या स्थपतीने त्याची शक्ती उपयोगात आणण्यासाठी हातोडा, पाते आणि हातमोजा अशी तीन साधने घडविली. काइमर लोकांचा सेनानी नेरेव्हार याने ड्वेमरांशी युद्ध केले. त्या युद्धाच्या अखेरीस संपूर्ण ड्वेमर वंश एकाएकी नाहीसा झाला आणि पुढे नेरेव्हारही मरण पावला. अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि विव्हेक हे त्याचे तीन निकटवर्ती कालांतराने याच साधनांच्या बळावर देवपदी पोहोचले. ड्वेमर कोठे गेले? नेरेव्हारचा मृत्यू कसा झाला? संहिता या दोन्ही प्रश्नांचा निर्णय देत नाही.

हे दोन प्रश्न सकृद्दर्शनी एकाच जातीचे भासतात. त्यांतील भेद न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाच्या विचाराने उलगडतो. आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द, आणि आप्त कोण हे सांगताना वात्स्यायनाने आपल्या भाष्यात दोन गोष्टींची अपेक्षा केली आहे : वक्त्याला विषयाचे साक्षात ज्ञान हवे आणि जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छाही हवी. ‘मॉरोविंड’मध्ये या दोन अटी दोन वेगवेगळ्या पात्रांत विभागल्या गेल्या आहेत.

यॅग्रम बॅगार्न हा मागे उरलेला एकमेव ज्ञात ड्वेमर. व्याधिग्रस्त अवस्थेत एका बुरुजाखाली तो दिवस कंठतो आहे. आपल्या लोकांचे काय झाले हे सांगण्याची त्याची तयारी आहे, कारण त्यालाच ते जाणून घ्यावयाचे आहे. परंतु त्या क्षणी तो अन्य लोकात होता. त्याचे अज्ञान प्रामाणिक आहे. वाचक येथे थांबतो, पण फसविला जात नाही.

विव्हेकची गोष्ट वेगळी. तो घटनास्थळी होता. त्याने सांगितलेल्या वृत्तान्तात नेरेव्हारच्या खुनाला स्थान नाही. दोष आहे तो नेरेव्हारपुढे घेतलेली शपथ पुढे मोडल्याचा. उलट अ‍ॅशलँडर या भटक्या जमातींची परंपरा तिघांनी मिळून नेरेव्हारचा घात केल्याचे सांगते. हा वृत्तान्त मंदिराच्या अधिकृत शिकवणुकीतून वगळला गेला आणि त्याचा आग्रह धरणाऱ्या पुरोहितांचा छळ झाला. शिवाय विव्हेकच्याच छत्तीस प्रवचनांत एक सांकेतिक अंकमाला दडलेली आहे; तिच्या आधारे शब्द निवडले असता त्याने स्वेच्छेने हत्या केल्याची आणि देवत्व चोरल्याची कबुली तयार होते. म्हणजे प्रकट वाणीत नकार आणि गूढलिपीत स्वीकार.

अकुतागावाच्या १९२२ च्या कथेवरून निघालेल्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे मृतालाही माध्यमाच्या मुखातून साक्ष देता येते. येथे मृत मूक आहे. एक वृत्तान्त सत्तेचा आहे आणि दुसरा बहिष्कृतांचा. अशा दोन वृत्तान्तांना समान प्रतीचे ‘पर्याय’ मानणे हा तटस्थपणा नव्हे. संशय टिकून राहण्यात ज्याचा लाभ आहे, त्याच्या बाजूने दिलेला तो कौल ठरतो.

तरीही विव्हेकला केवळ लबाड ठरवून हा प्रश्न मिटत नाही. हृदयाशी असलेले बंधन तुटले की आपले देवत्व ओसरणार हे ठाऊक असूनही तो स्वतःच खेळाडूच्या हाती तो हातमोजा देतो आणि त्याचा उपयोग शिकवितो. हे प्रायश्चित्त मानावे काय? प्रायश्चित्तात त्यागाइतकेच उच्चारणही आवश्यक असेल, तर हे प्रायश्चित्त अपुरे आहे. शक्तीचा त्याग त्याने पत्करला. वृत्तान्तावरील आपली मालकी मात्र सोडली नाही. गूढलिपीतील कबुली शोधणाऱ्याला सापडते, मागणाऱ्याला मिळत नाही. ज्यांचे पूर्वज छळले गेले, त्यांना ती मागण्याचा अधिकार होता.

खेळाडूची स्थिती यामुळे अधिक बिकट होते. आपण नेरेव्हारचा पुनर्जन्म आहोत की सम्राटाच्या राजकारणाने त्या भूमिकेत उभे केलेले एक सोयीचे पात्र, हेही त्याला निश्चित कळत नाही. विव्हेकला ठार करून अन्य मार्गाने पुढे जाण्याची मोकळीक संहिता देते. निवाड्यासाठी लागणारा निर्णायक पुरावा देत नाही. कृती ज्ञानासाठी थांबू शकत नाही, हे येथे गृहीतच आहे. हृदयावर घाव घातला जातो आणि ते नाहीसे होते. दोन्ही प्रश्न उरतात. मात्र ते सारखे उरत नाहीत. ड्वेमरांविषयीच्या मौनापुढे नम्र होणे हेच उचित, कारण तेथे उत्तर देणारा कोणीही नाही. नेरेव्हारविषयीच्या मौनाला मात्र धनी आहे. त्या मौनाला संहितेची समृद्धी म्हणून गौरविण्यापूर्वी ते कोणी राखले, हे विचारणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.