‘फुटला’ कीं ‘फोडला’?

घरांत कांचेचा पेला फुटला म्हणजे लहान मूलही व्याकरणाचा आश्रय घेतें. ‘मीं फोडला’ असें तें सहसा म्हणत नाहीं; ‘फुटला’ म्हणतें, आणि फारच दटावलें तर ‘माझ्या हातून फुटला’ येथवर येतें. आपण मोठीं माणसें याहून फारशीं निराळीं नसतों. तेव्हां अशीं वाक्यें म्हणजे सत्यापासून काढलेली पळवाट समजावी, कीं कांहीं सत्यें अशाच वाक्यांत मावतात? हा प्रश्न मला न्यूझीलंडच्या माओरी भाषेचें व्याकरण वाचतांना प्रथम नीट दिसला.

माओरी क्रियापद आपल्या क्रियापदासारखें लिंग, वचन व पुरुष यांच्यामागें रूपें पालटीत धांवत नाहीं. तो गेला, ती गेली, आम्ही गेलों, सर्वांना ‘हाएरे’च. काळाचें काम जवळ बसणारे चिमुकले निपात करतात. आधीं ‘इ’ आला कीं गोष्ट भूतकाळांतली, ‘कुआ’ आला कीं पुरी झालेली, आधीं ‘ए’ व नंतर ‘आना’ आला कीं चालूं असलेली. ‘माइ’ बोलणाराकडची दिशा दाखवितो, ‘अतु’ त्याच्यापासून दूरची. म्हणून एकाच ‘हाएरे’तून ‘ये’ आणि ‘जा’ दोन्ही निघतात. हें सारें आठवड्याभरांत पाठ होतें. (विसरतेंही तितक्याच लवकर.)

खरी अडचण कर्त्यापाशीं येते. कर्मणि रचनेंत करणाराच्या आधीं ‘ए’ येतो: ‘इ वाहिआ ए इआ’, त्याच्याकडून फोडला गेला. परंतु ‘पाकारु’ म्हणजे फुटणें, ‘ङारो’ म्हणजे हरवणें, ‘ओति’ म्हणजे पुरें होणें, अशा क्रियापदांचा एक लहानसा वर्ग आहे. त्यांना कर्मणि रूप नाहीं. आणि ज्याच्यामुळें गोष्ट घडली त्याच्या आधीं ‘ए’ न येतां ‘इ’ येतो. भूतकाळाच्या ‘इ’हून हा निराळा. ‘कुआ पाकारु इ आ इआ ते काराइहे’, पेला त्याच्यामुळें फुटला. ‘ए’ म्हणजे करणारा, ‘इ’ म्हणजे निमित्त. मध्यें अंतर एका स्वराचें.

हा ‘इ’ आपल्या ‘हातून’चा सख्खा भाऊ वाटतो. तथापि पुण्यकृत्य ‘माझ्या हातून घडलें’ म्हटलें तर ती नम्रता, आणि पेला ‘माझ्या हातून फुटला’ म्हटलें तर ती सबब, असा आपल्या कानांचा न्याय आहे. माओरींत ‘काम माझ्याकडून पुरें झालें’ हें रोजचें साधें वाक्यही ‘इ’नेंच होतें, त्यांत नम्रता नाहीं आणि सबबही नाहीं. म्हणून व्याकरणावरून लोकांचा स्वभाव काढूं पाहणाऱ्या पंडितांवर माझा विश्वास नाहीं. भाषा दोन आसनें मांडून ठेवते. कोणाला कोठें बसवावयाचें हें बोलणाराच्या सदसद्विवेकाचें काम.

आतां हाच प्रश्न त्या भाषेलाच विचारून पाहावा. ‘कुआ ङारो ते रेओ’, भाषा लोपली, असें म्हणतां येतें. पण याच धातूला ‘फाका’ हा उपसर्ग लावला कीं ‘फाकाङारो’, म्हणजे लोपविणें, होतें, आणि मग ‘ए’ लावून करणाराचें नांव सांगतां येतें. १८६७ च्या नेटिव्ह स्कूल्स ॲक्टनें माओरी मुलांच्या शाळांना इंग्रजीची वाट दाखविली. पुढें कित्येक शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांनीं छड्या खाल्ल्या. येथें ‘लोपली’ म्हणणें मला खोटेपणाचें वाटतें. येथें ‘ए’च हवा.

परंतु आईबापांचें काय? मुलांना इंग्रजी शिकवा अशी मागणी कित्येक माओरी पालकांनीं स्वतःच केली होती, आणि पुढें छड्या खाल्लेल्या पिढींतल्या अनेकांनीं आपल्या मुलांशीं घरीं इंग्रजीच धरली, तीं जगांत मागें पडूं नयेत म्हणून. त्यांच्या नांवाआधीं ‘ए’ लावण्यास माझी लेखणी धजत नाहीं. कांहींच न लावावें, तर तेंही खरें नव्हे. त्यांच्याकरितां तो ‘इ’ आहे: त्यांच्यामुळें, पण त्यांच्याकडून नव्हे. येथें मात्र ही रचना पळवाट नाहीं. जेवढा दोष आहे तेवढाच ती मोजून देते.

१९८७ सालीं माओरी भाषा कायद्यानें राजभाषा झाली. त्याच्या आधींच, १९८२ पासून, ‘कोहाङा रेओ’ म्हणजे भाषेचीं घरटीं म्हणविणाऱ्या बालशाळा निघूं लागल्या होत्या. तेथें वृद्ध माणसें येऊन बसत आणि दुसरें कांहीं न शिकवितां लहान मुलांशीं नुसतें माओरींत बोलत. त्यांतल्या कित्येकांनीं तेंच बोलणें आपल्या स्वतःच्या मुलांशीं टाळलें होतें.